लाल चिंधीच्या पलीकडची वांगी

आमच्या घिवलीच्या वाडीत वांग्यांच्या दोन जाती होत्या आणि त्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. एक घरची, एक बाजाराची. बी एकच, रोपं एकाच वाफ्यातली, पाणी एकाच विहिरीचं. फरक एवढाच, की स्वयंपाकघरामागच्या तीन ओळींच्या टोकाला एक बांबू रोवलेला असायचा आणि त्याला आत्याच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली असायची. फवारणी करत करत चिंधीपाशी आलं की पंप बंद. चिंधीच्या अलीकडे आमचं पोट, पलीकडे जगाचं.

यात काही वावगं आहे असं वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मला कधी वाटलं नाही. आळीतल्या सगळ्याच वाड्यांत अशी काहीतरी खूण असते. कुणाची चिंधी, कुणाची फुटकी बादली. त्यावर कुणी बोलत नाही. जेवताना आपण तोंड मिटून का चावतो यावर कुणी बोलतं का?

बाबा वीजकेंद्रात नोकरीला, त्यामुळे वाडी आत्याची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती पाहुणी म्हणून नाही, मुकादम म्हणून. तिच्या वांग्यांना बोईसरच्या बाजारात मान होता. अशी काळीभोर आणि चकचकीत, की बाई त्यात बघून टिकली सारखी करील. त्या चकाकीसाठी आत्या आठवड्यातून दोनदा पाठीवर पंप घ्यायची. पंपाच्या दिवशी ती दुपारी जेवायची नाही. "भूक नाय" म्हणायची आणि डोक्याला ओलं फडकं बांधून ओसरीवर पडायची. आम्ही समजायचो, आत्याचा उपास आहे. सोमवार-गुरुवार असा विचित्र उपास कुठल्या देवाचा, हे विचारायची आमची प्राज्ञा नव्हती.

सगळा घोळ सुरू केला माझ्या मैत्रिणीने. ती सालवडला राहते. वडील बोईसरला कारखान्यात, मूळचे लातूरकडचे. आम्ही दोघी पालघरच्या कॉलेजात जैवतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. डिसेंबरात मी तिला उकडहंडी खायला घरी आणलं. लातूरकडच्या माणसाला उकडहंडी माहीत नसते, म्हणून मी जरा भावच खाल्ला. मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी आणि अख्खी वांगी भरायची, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं घालून वरून जाळ करायचा. बाकी काम आगीचं.

आत्या मडकं पुसत होती. मैत्रीण संस्कारी. नुसतं बसून राहणं तिला जमेना. टोपली घेऊन समोरच्याच ओळीत शिरली आणि वांगं धरलं.

"ए पोरी, त्यातली नको गो!" आत्या एवढ्या मोठ्याने ओरडली, की कोंबड्या उडाल्या. "ती बाजाराची हायत. मागची खुड, चिंधीची."

मैत्रिणीने हात मागे घेतला. चिंधीकडे बघितलं, समोरच्या चकचकीत वांग्यांकडे बघितलं, ओसरीला टेकवलेल्या पंपाकडे बघितलं. पोरगी हुशार आहे, वर्गात पहिली येते. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आत्या, आम्ही बाजारातूनच घेतो. आई तुमच्याकडूनच घेते."

आत्याने मडकं खाली ठेवलं. मग ती फणकारली, "मग काय करू? भोक पडलेलं वांगं तुझी आई घेईल काय?" मैत्रिणीने प्रामाणिकपणे सांगितलं, की नाही घेत, उलटंपालटं करून बघते आणि ठेवून देते. दोघींचंही खरं होतं. उकडहंडी झकास झाली होती, पण माझं वांगं ताटात तसंच राहिलं. मला मनापासून लाज वाटली. जिच्याबरोबर मी दीड वर्ष डबा वाटून खाल्ला, तिच्या घरची भाजी आमच्या चिंधीच्या पलीकडची होती.

त्या वर्षी कॉलेजच्या मॅडमनी विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेसाठी गट केला होता. विषय सिंथेटिक बायॉलॉजी. म्हणजे सूक्ष्म जीवाच्या हातात दुसऱ्याची पाककृती द्यायची आणि त्याच्याकडून आपल्याला हवा तो पदार्थ रांधून घ्यायचा. आमचा बेत अंधारात चमकणारे जिवाणू करायचा होता. ते कशाला हवेत, हे आम्हाला विचारू नका. उकडहंडीनंतरच्या सोमवारी आम्ही दोघी मॅडमच्या टेबलापाशी गेलो आणि सांगितलं, की आम्हाला चमकायचं नाही, वांगं वाचवायचं आहे.

वांगं पोखरणारी अळी ही एका छोट्या पांढरट पतंगाची पोर. त्या पतंगातली मादी अंधार पडला की एक वास सोडते आणि नर त्या वासावर धावत येतो. तोच वास आपण रबरी गोळीत भरून सापळ्यात ठेवला, तर नर बिचारा सापळ्यात. लग्नं मोडली, अंडी नाहीत, अळ्या नाहीत. शेतीखात्याच्या भाषेत याला कामगंध सापळा म्हणतात. आत्यासमोर तो शब्द उच्चारायची वेळ आली तेव्हा मी इतक्या भरभर बोलले, की तिला वाटलं एखाद्या गावाचं नाव आहे. दुकानात असे सापळे मिळतात. तिने एकदा आणलेही होते, पण गोळीतला वास उन्हाने कधी उडून गेला ते कळलं नाही आणि नव्या गोळ्या आल्या त्या हंगाम संपल्यावर. आमचा विचार असा, की वास इथेच पालघरात ताजा ताजा रांधायचा, आणि रांधायला ठेवायचं यीस्टला. पाव फुगवतं तेच यीस्ट, ताडी फेसाळवतं तेही त्याच्याच भाऊबंदांतलं.

मॅडमची एकच अट होती आणि ती त्यांनी दारावर लाल अक्षरांत लावली. बदललेलं यीस्ट या खोलीचा उंबरठा ओलांडणार नाही. बाहेर जाईल तो फक्त गाळलेला, शुद्ध केलेला वास.

वर्ष गेलं त्यात. यीस्ट कधी रुसायचं, कधी मरायचं, कधी भलतंच काहीतरी रांधून ठेवायचं. शेवटची पायरी तर त्याला जमलीच नाही, ती आम्ही काचेच्या भांड्यात हाताने उरकली. यीस्ट उंबरठ्याच्या आत राहिलं खरं, पण त्याचा आंबूस वास आमच्या कपड्यांबरोबर बाहेर पडायचा. बोईसरहून घिवलीला येताना रिक्षातल्या बाया माझ्यापासून सरकून बसत. एकदा रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "मॅडम, दिन में ही?" दोन दिवसांत ही बातमी आत्याकडे पोचली. तिने मला दारात उभं करून तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला. यीस्ट, प्रयोगशाळा, स्पर्धा असं मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताडी प्यालीस तर सांग. पण एवढं लांबलचक खोटं बोलू नको."

मग पुढच्या दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी पुरावाच घरी चालून आला. दुपारी आम्ही पहिल्या गोळ्या भरल्या होत्या आणि माझी ओढणी थोडी लागली होती. दिवे लागल्यावर मी ओसरीवर वाल सोलत बसले, तर एक पांढरट पतंग येऊन ओढणीवर बसला. मग दुसरा. थोड्या वेळाने मी हातातल्या शेंगा टाकून घरभर पळत होते आणि माझ्यामागे हे एवढं वऱ्हाड. आत्या खांबाला टेकून पोट धरून हसत होती.

"दोन वर्सं तुझ्यासाठी स्थळं बघते हाय, एक आलं नाय," ती डोळे पुसत म्हणाली. "आज एकदम बारा आली. आणि सगळी वांग्यावाली!"

हसणं ओसरल्यावर मात्र तिने ओढणी हातात घेतली, उलटीपालटी केली, नाकाला लावली. तिला काहीच वास आला नाही. पतंग मात्र तिच्याही हातावर येऊन बसला. तिने तो झटकला नाही. मग म्हणाली, "दहा ओळी देते. पंप मारणार नाय. तुमचं अत्तर चाललं, तर ती चिंधी मी माझ्या हाताने सोडीन. नाय चाललं, तर पुढच्या वर्सी पंप तुझ्या पाठीवर."

मला पंप नको होता आणि चिंधी सुटायला हवी होती. एवढ्यासाठी मी त्या हंगामात देवाला आणि यीस्टला सारखाच नमस्कार करत होते.

पाच ओळी रस्त्याकडच्या, तिथे सापळे. पाच विहिरीकडच्या, तिथे काही नाही. मध्ये वालाची लागवड. दर रविवारी मैत्रीण सालवडहून यायची आणि आम्ही वहीत लिहायचो. अळी आधी कोवळा शेंडा पोखरते, मग वांगं; म्हणून किती शेंडे सुकले, किती वांगी किडली. निकाल बघून आमचे पाय जमिनीवर राहीनात. रस्त्याकडच्या ओळींत शोधून शेंडा सुकलेला सापडेना. मॅडम स्वतः येऊन बघून गेल्या. आत्याने त्यांना तांदळाच्या भाकरीबरोबर चिंधीच्या ओळीतल्या वांग्याचं भरीत वाढलं आणि "पोरी लय हुशार हायत" असं चारदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना तिने माझी नजर टाळली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण कौतुक चालू असताना संशय घ्यायला कोण बसतं?

चोरी पकडली मैत्रिणीने, आणि ती कोंबड्यांमुळे. एका रविवारी ती सकाळी लवकर आली. येऊन बघते तर आमच्या झाडून सगळ्या कोंबड्या रस्त्याकडच्या ओळींच्या टोकाला माना उंच करून उभ्या. विहिरीकडे एकही नाही. तिने मला बाहेर बोलावलं. कोंबडी विनाकारण रांगेत उभी राहत नाही. थोड्या वेळाने आत्या पदर खोचून आली, सापळ्यांच्या ओळीत शिरली आणि सुकलेला प्रत्येक शेंडा अळीसकट खुडून मागे फेकू लागली. मागे कोंबड्यांची पंगत. कोंबड्या गुबगुबीत का झाल्यात, याचंही उत्तर मिळालं.

"आत्या!" मी किंचाळले.

ती दचकली, पण क्षणभरच. "काय आत्या? फवारू नको म्हणालात, फवारलं नाय. खुडू नको असं कोण म्हणालं?"

"पण तिकडचे का नाही खुडले मग?"

"तिकडे तुमचं अत्तर कुठे हाय? पोरीची वरात निघाली तर मी शेजाऱ्याच्या दारात रांगोळी काढू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं आणि दुसरंही होतं. रोज पहाटे कंबर मोडेस्तोवर वाकून तिने माझी लाज राखली होती, आणि राखता राखता माझं वर्ष मातीत घातलं होतं. मैत्रीण वहीची पानं उलटत हळूच म्हणाली, "एवढे दिवस आपण अत्तर नाही, आत्याला मोजत होतो."

मॅडमना सांगताना आमची पाचावर धारण बसली होती. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि इतक्या हसल्या, की शिपाई डोकावून गेला. मग वहीवर आडवी रेघ मारली. "शेंडे खुडणं हा उत्तम उपाय आहे, पुस्तकातही दिलाय. तुमच्या आत्यांना तो पुस्तकाआधी माहीत होता, इतकंच. आता त्यांना दोन्हीकडे खुडू द्या. दोन्हीकडे सापळे लावा. एकीकडे वासाची गोळी, एकीकडे कोरी. कुठे कुठली, हे त्यांना कळता कामा नये."

संक्रांतीनंतर दुसरा डाव सुरू झाला. रस्त्याकडच्या सापळ्यांना निळा दोरा, विहिरीकडच्यांना पिवळा. खालच्या पिशव्यांना काळं कापड शिवलं, म्हणजे आत किती पतंग पडले ते बाहेरून दिसू नये. रविवारी आम्ही दोघीच त्या उघडायच्या.

आत्याचा अपमान झाला होता. "माझ्याच वाडीत माझ्याच डोळ्यांना पट्टी!" असं ती आल्यागेल्याला सांगायची. पण तिची चौकशी बंद नव्हती. गोळ्यांचा वास घेऊन बघितला. काळी पिशवी चाचपून बघितली. मैत्रिणीला तांदळाचे लाडू देऊन गोडीत विचारलं. काही निघेना, तेव्हा ती रविवारी दूर बसून आमची तोंडं वाचायला लागली.

आणि इथे आमच्या अंगात खोडी संचारली. पहिल्याच रविवारी कळलं होतं, की निळ्या पिशव्या भरल्यात आणि पिवळ्यांत जवळजवळ काहीच नाही. वास काम करत होता. नाचावंसं वाटत होतं. पण निळ्या दोऱ्यापाशी आम्ही सुतकात असल्यासारखी तोंडं केली. मैत्रिणीने कपाळावर हात मारला. मग पिवळ्या दोऱ्यापाशी जाऊन आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या. दूर बसलेल्या आत्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तिला "कळलं" होतं.

पुढच्या रविवारी कोंबड्या विहिरीकडे, पिवळ्या ओळींच्या टोकाला उभ्या होत्या.

आमचं हसू तिथेच विरलं. आत्या दोन्हीकडे खुडत होती, शब्दाची पक्की. पण पिवळ्या बाजूला जीव ओतून, आणि निळ्या बाजूला सरकारी काम केल्यासारखं. म्हणजे आम्ही केलेल्या थट्टेने आमचाच खरा वास एकटा पडला होता आणि कोऱ्या रबराच्या मदतीला आत्या उभी होती. मॅडमना हेही सांगावं लागलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. "त्यांना माहीत होऊ द्यायचं नव्हतं. चकवायला कुणी सांगितलं होतं? आता तोंड मिटा आणि शेवटपर्यंत बघा."

ते आठवडे मी फार वाईट काढले. रात्री पंप पाठीवर आहे अशी स्वप्नं पडत. जागेपणी त्याहून वाईट. बाकीच्या वाडीत फवारणी चालूच होती आणि सोमवार-गुरुवार आत्या ओसरीवर फडकं बांधून पडलेली असायची. आता तो उपास नाही हे मला कळत होतं.

मोजणीच्या दिवशी दोन्हीकडची वांगी अंगणात दोन ढिगांत ओतली. किडकी निवडायला आत्यालाच बसवलं, कारण तिच्या बोटांइतकं भोक कुणाला सापडत नाही. निळ्या ढिगात किडकी निघाली, पण थोडी. पिवळ्या ढिगातून ती काढतच राहिली. काढता काढता तिचे हात मंदावले.

"अत्तर पिवळ्याला होतं ना?" तिने विचारलं.

मैत्रिणीने मान हलवली. "निळ्याला, आत्या."

आत्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे, एकदा कोंबड्यांकडे बघितलं. "म्हणजे मी इतके दिस कोऱ्या रबराची चाकरी केली?" मग म्हणाली, "आणि तरी हरलं." मी तिला सव्वा वर्षात जे पटवू शकले नव्हते, ते तिच्याच पक्षपाताने तिला पटवलं होतं. आम्हाला मात्र तिने एकेक धपाटा घातला. तो न्यायाने बसला, म्हणून आम्ही तक्रार केली नाही.

उरलेल्या गोळ्या मॅडमनी सबंध वाडीसाठी दिल्या. पंप माळ्यावर गेला. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. दुसऱ्या एका कॉलेजच्या चमकणाऱ्या जिवाणूंचा आला. असो.

पंप माळ्यावर जाऊन महिना उलटल्यावर, हंगामाच्या शेवटाला, आत्याने मैत्रिणीला निरोप धाडला. वालपापडी संपत आलीय, शेवटची उकडहंडी करतेय, ये. ती आली. आत्या मडकं पुसत होती. मैत्रिणीने सवयीने टोपली उचलली आणि स्वयंपाकघरामागे चिंधीच्या ओळींकडे वळली. तिथे बांबू होता. चिंधी नव्हती. ती गोंधळून उभी राहिली.

"आत्या, कुठली खुडू?"

आत्याने मान वर केली नाही. त्याच लाल चिंधीने ती मडक्याची राख पुसत होती.

"कुठलीबी खुड," ती म्हणाली.

मैत्रीण समोरच्या ओळीत शिरली. गेल्या हंगामात जिथे हात लावला होता, साधारण तिथेच. तिने खुडलेल्या पहिल्याच वांग्याला भोक होतं. ते तिने आत्याला दाखवलं. आत्याने विळीवर तेवढा भाग काढला, अळी कोंबडीला टाकली आणि उरलेलं मडक्यात घातलं. मडकं उघडलं तेव्हा सगळी वांगी सारखीच काळवंडलेली आणि मऊ होती. आत्याने पहिलं वांगं स्वतःच्या ताटात घेतलं. चिंधीपलीकडचं वांगं तिने खाल्लेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. गुरुवार होता आणि ती पोटभर जेवली.

निघताना तिने मैत्रिणीच्या पिशवीत वांगी भरली. "आईला दे. भोक दिसलं तर ओरडेल. सांग तिला, अळी खाऊन जगली हाय, तुमीबी जगाल."